जशी आहे तशी आणा

(लिलावगृहाच्या मागच्या बाजूला, गाडी विकायला आलेल्यांसाठी ठेवलेली लहानशी खोली. दुपार. ताई खुर्चीत बसलेली, तिचा धाकटा भाऊ दाराशी उभा. भिंतीपलीकडे पुढच्या गाडीची बोली चालू आहे.)

ताई : बस ना जरा. उभं राहून आकडा वाढणार आहे का?

धाकटा : त्याने हातोडा फार लवकर मारला, ताई. मागच्या रांगेतला तो टोपीवाला हात वर करणारच होता. मी बघत होतो.

ताई : तो डोकं खाजवत होता.

धाकटा : नाही गं.

ताई : मी त्याच्या शेजारी बसले होते. डोकंच खाजवत होता. मग कानही खाजवला. अकरा लाखच ना?

धाकटा : अकरा. त्यातून यांचं कमिशन जाणार.

ताई : आणि मागच्या महिन्यात हीच गाडी, हेच साल, चाळीसला गेली. कात्रण तूच आणून दिलं होतंस मला.

धाकटा : ती निळी होती.

ताई : निळ्या रंगाचे एकोणतीस लाख जास्त होतात का रे? पस्तीस वर्षं बसगाड्या रंगवतोयस, तुला ठाऊक असेल.

धाकटा : तू चेष्टा करू नकोस. मला भरून येतंय.

ताई : मग मी काय करू? भाऊजींना तीस द्यायचेत, तीस. महिना संपायला नऊ दिवस राहिले.

धाकटा : मी बोलतो त्यांच्याशी. थोडं थांबा म्हणतो.

ताई : आणखी किती थांबायचं त्यांनी? घर त्यांच्या नावावर, सासऱ्यांनीच तसं करून ठेवलं. एकतीस वर्षं राहू दिलं, भाड्याचा शब्द काढला नाही. तुझे दाजी गेले तेव्हाही काढला नाही. आता विकायची वेळ आली तर आधी मला विचारलं. ‘वहिनी, बाहेरचा माणूस पंचेचाळीस देतोय, तुम्ही तीस द्या, घर तुमचं.’ एवढं कुठला दीर करतो? मला तर त्यांच्यावर चिडायचीही सोय नाही.

धाकटा : कुणीतरी येतंय.

लिलाववाले : येऊ का, मॅडम? पाणी आणलंय. आणि दोन सह्या हव्या होत्या.

ताई : या. सह्या करते. पण आधी मला एक सांगा. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी माझ्या घरी येऊन गाडी बघून गेलात. पस्तीस ते चाळीस म्हणालात. आज अकरा. मधल्या काळात असं काय झालं?

लिलाववाले : लिलावाचं असंच असतं बघा.

ताई : असंच म्हणजे कसं?

लिलाववाले : सव्वीस वर्षं या हॉलमध्ये काढली, मॅडम, आणि अजून रोज घरी जाताना वाटतं, आपल्याला यातलं काही कळत नाही. ती निळी चाळीसला का गेली सांगू? दोन माणसं होती, पूर्वीचे भागीदार. गाडी याला नको होती, त्यालाही नको होती. फक्त ती दुसऱ्याला मिळता कामा नये, एवढंच दोघांना हवं होतं. बावीसपर्यंत बाकीचे लोक बोलीत होते. वरचे अठरा निव्वळ रागाचे.

ताई : मग त्यांना आज बोलवायचं होतंत.

लिलाववाले : त्यातला एक आलाय. दुसऱ्याला मुतखडा झालाय, तो इस्पितळात आहे. एकटा माणूस भांडणार कुणाशी?

ताई : ऐकलंस का धाकट्या? एका मुतखड्यापायी माझं घर चाललं.

लिलाववाले : त्यात आपला नंबर जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर आला. लोक चुळबुळ करायला लागतात. एखाद्या दिवशी तर सकाळपासून सगळं थंड असतं, कारण सापडत नाही. बाकी आम्ही कळवलेल्या अंदाजात आपली गाडी बसली, एवढंच म्हणायचं.

ताई : कसला अंदाज?

लिलाववाले : नवा. दहा ते पंधरा. गाडी इथे तपासली त्याच संध्याकाळी मी फोन केला होता. अर्जावर यांचा नंबर होता.

ताई : धाकट्या?

धाकटा : पाणी पी तू आधी.

ताई : कधी आला होता फोन?

धाकटा : गेल्या सोमवारी.

ताई : आज मंगळवार. आठ दिवस झाले. आठ दिवस तू रोज माझ्याकडे चहा पिऊन जातोयस.

धाकटा : मला वाटलं, यांचं चुकतंय. एका यंत्राने रंगाची जाडी मोजली आणि म्हणाले, पंधरा. अहो, जाडी कसली मोजता? हात फिरवून बघायचा ना! सात महिने मी ती गाडी केली, ताई. रोज दुकान बंद केलं की तिच्यापाशी. पार पत्र्यापर्यंत उतरवली. रंगाचे चौदा हात दिले. प्रत्येक हातानंतर पाण्याखाली पॉलिश पेपर मारला, बोटांची सालं निघेस्तोवर. तिच्या दारात बघून केस विंचरावेत अशी झाली होती.

लिलाववाले : काम उत्तम आहे. मी इतकं चांगलं काम फारसं पाहिलेलं नाही, हे तोंडदेखलं म्हणत नाही.

धाकटा : मग?

लिलाववाले : कसं सांगू... मी पाहिली ती गाडी कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात न लावलेली होती. बॉनेट विटलेलं. चालकाच्या दाराची वरची कड कोपर टेकून टेकून पत्र्याला लागलेली. अशा गाड्या आता राहिल्या नाहीत. चकचकीत हवी असेल तर कुणीही पैसे टाकून करून घेतो. पण तो झिजलेला रंग पैसे टाकून मिळत नाही. त्याच्यामुळेच पस्तीस होते. गाडीचे असे दहाच.

ताई : हे तेव्हा का नाही सांगितलंत?

लिलाववाले : सांगितलं होतं, मॅडम. निघताना म्हणालो, जशी आहे तशी आणा.

धाकटा : म्हणालात. बूट घालता घालता म्हणालात. हसून म्हणालात. ‘कशाला त्रास घेता, जशी आहे तशी आणा.’ अहो, जेवायला बोलावलेला माणूसही म्हणतोच की, काही करत बसू नका, असेल ते चालेल. म्हणून कुणी त्याला शिळं वाढतं का?

लिलाववाले : मला खरोखर शिळंच हवं होतं.

ताई : मीही होते की दारात. मलाही तसंच वाटलं. उलट हे गेल्यावर मीच म्हणाले, माणूस किती भिडस्त आहे.

लिलाववाले : चूक माझीच म्हणा. मला रोजचं झालंय, म्हणून पुढच्यालाही कळलं असं धरून चालतो. त्या दिवशी बसून नीट सांगायला हवं होतं. कालच एक गाडी आली होती. कुठल्याशा गोठ्यातून ओढून काढलेली. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. टायरांत हवा नाही, इंजिन गंजून बसलेलं. अडतीसला गेली.

धाकटा : उंदरांसकट?

लिलाववाले : उंदीर निघून गेले होते. घरटं मात्र आम्ही काढू दिलं नाही.

ताई : एवढं कळलं. आता हे सांगा, माझ्याकडून तुम्ही किमान किंमत लिहून घेतली होती. त्याच्याखाली गेली तर विकायची नाही. मग आज अकराला हातोडा पडलाच कसा?

लिलाववाले : ती अट काढून घेतलीत ना आपण? त्याच फोनवर मी म्हणालो, किमान किंमत कमी करा, किंवा गाडी परत न्या. दुसऱ्या दिवशी हे कागद घेऊन आले. ‘किमान किंमत नाही.’ खाली आपली सही आहे.

ताई : माझी सही?

धाकटा : तू मला दोन कोरे अर्ज सही करून दिले होतेस. धावपळ नको म्हणून.

ताई : दिले होते.

धाकटा : किमान किंमत नसली की बोलीला गर्दी होते, ताई. हे मी इथेच ऐकलं. गर्दी झाली, लोक जवळ आले, एकदा त्यांनी गाडीवर हात फिरवला, की तुटून पडतील असं वाटलं. मला खात्री होती. एवढी खात्री मला आयुष्यात कशाचीच नव्हती.

ताई : आणि ती परत नेली असती, तर?

लिलाववाले : तर आज विकली गेली नसती, इतकंच. रंग काही परत आला नसता. सही इथे, मॅडम. आणि या पानावर.

ताई : पेन चालत नाहीये.

लिलाववाले : हे घ्या. हो, आणि... विचारायला मला बरं वाटत नाही, पण ज्यांनी गाडी घेतली त्यांनी विचारायला सांगितलंय. रंगाऱ्याकडे जुन्या रंगाचा एखादा तुकडा, पापुद्रा, काही उरलंय का?

धाकटा : कशाला?

लिलाववाले : त्यांचा एक कारागीर आहे. तो हा रंग उतरवणार, आणि जुना दिसेल असा नवा देणार. विटलेला, कोपराने झिजलेला वगैरे. छटा जुळवायला नमुना हवा.

धाकटा : माझा रंग उतरवणार?

लिलाववाले : त्यांची गाडी आहे आता.

धाकटा : काही नाही उरलं. सगळं पाण्याबरोबर गटारात गेलं. दोन दिवस अंगणातलं पाणी लाल होतं. सांगा त्यांना.

लिलाववाले : सांगतो. पैसे आठवडाभरात जमा होतील, मॅडम. सावकाश निघा, खोलीची घाई नाही. येतो.

ताई : या.

धाकटा : ताई, शिव्या दे. काहीतरी बोल.

ताई : शिव्या देऊन तू आणखी रडशील. मग मला तुझंही बघावं लागेल.

धाकटा : मला दाजींना दाखवायचं होतं.

ताई : ते गेले रे. दीड वर्ष झालं.

धाकटा : माहीत आहे. तरी. तीस वर्षांत एकदाही त्यांनी मला त्या गाडीला हात लावू दिला नाही. साधा ओरखडा बुजवतो म्हटलं तर म्हणायचे, ‘नको बाबा, तुझा हात बसचा आहे.’ सगळ्यांसमोर म्हणायचे. तूही हसायचीस.

ताई : हसायचे.

धाकटा : म्हणून तू चावी दिलीस तेव्हा वाटलं, आता एकदा करून दाखवू. तू दाराबाहेर येऊन पाहिलीस आणि म्हणालीस, ‘छान झालीय.’ मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, ताईला आवडली.

ताई : मला नव्हती आवडली.

धाकटा : काय?

ताई : तू बाजूला झालास आणि मी दाराच्या कडेवर हात ठेवला. गुळगुळीत. त्यांचा हात असायचा तिथे. मला एकदम वाटलं, हे कुणाचं काय आणून उभं केलंय. पण तू असा बघत होतास... लहानपणी परीक्षेचा कागद दाखवायला उभा राहायचास ना, तसा. म्हणून म्हटलं छान.

धाकटा : तेव्हा बोलली असतीस तर...

ताई : तर काय? पुसलेलं पुसलेलंच. फार तर थोडे दिवस आधी रडले असते.

धाकटा : मी दुकान विकतो.

ताई : ते भाड्याचं आहे.

धाकटा : कॉम्प्रेसर विकतो. रंगाची स्प्रे-गन विकतो. बायकोचं थोडं सोनं आहे.

ताई : तिच्या सोन्याला हात लावलास तर बघ. आणि सगळं विकूनही एकोणीस होत नाहीत. मी केव्हाच हिशेब करून बसलेय.

धाकटा : मग आमच्याकडे ये राहायला. मुलीची खोली रिकामीच आहे.

ताई : त्या खोलीत रंगाचे डबे आहेत छतापर्यंत. तिथे मी कपाट ठेवणार कुठे? त्यांची पुस्तकं, सासूबाईंची शिवणाची मशीन... एवढं सगळं कुठे ठेवणार?

धाकटा : डबे काढतो मी. आजच काढतो.

ताई : बरं. एक फोन लावून दे मला. भाऊजींना.

धाकटा : आत्ता? नऊ दिवस आहेत अजून. काहीतरी होईल. तो दुसरा भागीदार बरा झाला तर...

ताई : गाडी विकली गेली, धाकट्या. लाव फोन. नऊ दिवस वाट बघण्याइतका जीव नाही माझ्यात.

धाकटा : वाजतोय. घे.

ताई : भाऊजी, मी बोलतेय... हो, झाला लिलाव. नाही जमलं... नाही, बरंच कमी... अहो, तुमचा काय दोष त्यात? तुम्ही थांबलात तेवढं पुष्कळ... हो, धाकटा आहे ना सोबत. फार मदत झाली त्याची... तर ते घर घेणारे आहेत, त्यांना आणा बघायला. उद्या चालेल... नाही, संध्याकाळी नको. सकाळी आठच्या सुमाराला आणा, तेव्हा स्वयंपाकघरात ऊन येतं.