खंडोजीमामाचा टेम्पो

...आणि ती बँकेतली गृहकर्जवाली मेघाश्री, कॉम्प्युटरवरची नजर न काढता मला विचारते, "सर, तुमच्याकडे टेम्पो आहे?" टेम्पो! अहो, या कन्नड मुलखात, राजाजीनगरात भाड्याच्या घरापुढं स्कूटर लावायची तर शेजारच्या अक्कांच्या हातापाया पडावं लागतं, मी टेम्पो काय माळ्यावर ठेवणार? "नाही हो," म्हटलं. तर म्हणते, "पण तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये त्याचं कर्ज आहे की, सर!" तुम्हाला सांगतो, त्या एसीत मला घाम फुटला... कारण टेम्पो होता खंडोजीमामाचा, आणि मामा तर केव्हाच गेला. गेला म्हणायचं आपण. माणूस जातो म्हणतात, पण जातो कुठं हो?

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले माझे, शाळेत घातलं मामानं, सायकल शिकवली मामानं, कन्नड शिव्यासुद्धा मामानंच! त्यामुळं इथल्या शिवाजीनगरच्या हॉटेलात दोशाची प्लेट बाजूला सारून तो म्हणाला, "येश्या, टेम्पो घेतोय, जामीन म्हणून सही कर रे, नुसती नावाला"... तर मी काय नाही म्हणू? आणि तोंडात दोसा होता हो, म्हणणार तरी कसं! केली सही. पुढं टेम्पो थांबला, मग हप्ते थांबले, मग मामाच थांबला.

दहावा केला श्रीरंगपट्टणला, कावेरीकाठी. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना! झाडावर कावळ्यांची अख्खी सभा, पण एक खाली येईल तर शपथ! अंबुबाई मामी हात जोडून, "अहो, रोज विडा ठेवीन तुमच्या फोटोपुढं, या हो..." नाही. कुणी म्हणालं तंबाखू ठेवा, ठेवली. नाही. ऊन डोक्यावर, भाताचे खडे झालेले, गुरुजी सारखे घड्याळ बघतायत, त्यांना पुढचा दहावा होता... मला राहवेना, मी पुढं होऊन म्हटलं, "मामा, तुझं जे काय राहिलंय ते माझ्या अंगावर. जा तू सुखानं." शब्द संपायच्या आत फडफड! पिंड तर शिवलाच, वर पानावरचा वडाही उचलून नेला! सगळे म्हणाले, भाचा असावा तर असा. मी रडलो हो, खरंच रडलो. आणि तेरावा उरकतोय तोच वसुलीवाल्यांचा फोन!

आता कावळ्याला दिलेला शब्द मोडायची छाती कुणाची आहे? आहे तुमची? मी जमवाजमव केली, तडजोड केली, त्यांनी थोडं कमी घेतलं आणि कागद दिला, 'सेटल्ड'. मी तो देवापुढं ठेवला, कुंकू लावलं. आणि आता ही मेघाश्री म्हणते, "सर, सेटल्ड बेडा, क्लोज्ड बेकु! सेटल्ड नको, क्लोज्ड हवं. सेटल्ड म्हणजे पूर्ण फेडलं नाही. तुमच्या मिसेसचा स्कोअर सूपर आहे, पण तुमचा..." आणि स्क्रीन बाजूला वळवली. रिपोर्ट बघून डॉक्टर कागद पालथा ठेवतात ना, तशी. मी तोंड चुकवून खिडकीबाहेर पाहिलं, तर एसीच्या डब्यावर कावळा. तुम्ही म्हणाल, कावळे सगळे सारखेच. मलाही पूर्वी तसंच वाटायचं! आता माझ्या अंगावर काटा येतो. जातो कुठं हो माणूस?

शेजारी सौम्या, माझी बायको. बेळ्ळंदूरच्या कंपनीत नोकरी तिची. दोघांच्या नावावर घर, हा हट्ट तिचाच. पाटीसुद्धा करून ठेवलेली, 'सौम्या – यशोवर्धन'. ती म्हणाली, "उरलेलं आत्ता भरलं तर?" मेघाश्री म्हणते, "भरा की मॅडम, पण रिपोर्ट सुधारेपर्यंत बिल्डर थांबणार का? तुम्ही एकट्याच लोन घ्या. आणि घराच्या कागदावर पण सरांचं नाव नको, मालक तोच कर्जदार, असा रूल आहे आमचा. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर!" स्वल्प! थोडंसं जमवून घ्या म्हणे! माझा बाप भाड्याच्या घरात गेला, मामा भाड्याच्या घरात गेला, मला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या नावाचं दार उघडायचं होतं... आणि हे स्वल्प!

परत येताना रिक्षात सौम्या घरांवरच्या पाट्या वाचत बसली. मी म्हटलं, "अगं, शिव्या तरी दे." तर म्हणते, "कुणाला देऊ? तुम्हाला का मामांना?" आणि माझा हात धरून बसली. तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

घेतलं घर. एकटीच्या पगारात बसेना म्हणून एक बेडरूम कमी झाली. घर तिच्या नावावर, लाइट तिच्या नावावर, पाणी तिच्या नावावर. मी म्हटलं चला, निदान दहाव्या मजल्यावर तरी सुटलो... पहिल्याच सकाळी गॅलरीत काव! वीट उचलून मारावी तर हात धजत नाही हो, त्यानं सायकल शिकवलीय! मी आत चहा घेत लपून बसलो, तर सौम्याची हाक, "अहो, बाहेर या. तुमच्याकडे कुणीतरी आलंय."

ठेवतो रोज वडा. घर तिचं आहे... पाहुणा तेवढा माझ्या नावावर!