भिंतीला लावलेली चूल

पौषातली सकाळ. वडनेर भोलजीच्या यष्टी थांब्यावर माझ्यामागे दोन शेतकरी उभे होते. पुंजाजीच्या काखेत लोखंडी पत्रा होता आणि कडूबाला राहवत नव्हतं.

"पत्रा काऊन घेतला बे, पुंजाजी?"

"आंघोळीच्या पाण्याची चूल हलवून राह्यलो. अंगणातून उचलतो अन् मधातल्या भिंतीले लावतो. तिथला कोनाडा पोखरून हा पत्रा बसवतो."

"मधातली म्हंजे? पल्याड तं तुह्या भावाची खोली हाय!"

"हाव. त्याची बायको बाळंतीण हाय तिथं. पत्रा तापला का खोली तापते."

"अन् तुमचं तं वाटणीपासून बोलणं बंद हाय."

"हायच ना. म्या कुठं बोलून राह्यलो?"

"मंग जाळ कमी-जास्त कसा करशीन? खोली गार का गरम, हे तुले कोण सांगन?"

"लेकरू सांगन. रडलं का लाकूड आत सारायचं, निजलं का मांगं ओढायचं. पोलिसाच्या बिनतारीसारखं. तार नाही, मधात माणूस नाही."

"लेकरू भुकेनं रडलं तं?"

"तं जराशी जास्त तापन खोली."

"अन् भाऊ भांडाले आला तं? माही भिंत काऊन पोखरली म्हणून?"

"येऊ दे ना. तेवढं तरी बोलन तो."