मावशीने डोळे दिले, पण अटीवर

नेत्रदानाला माणसं कशी पटवायची, ते मला विचारा. नव्वद सालच्या आसपास आमचा डोंबिवलीचा ग्रुप ठाण्याच्या एका कोळीवाड्यात गेलेला. मी जोरदार भाषण ठोकलं, पण नेत्रदानाच्या फॉर्मवर सही करायला कोणी पुढे येईना. शेवटी मासळी साफ करत बसलेली एक म्हातारी मावशी म्हणाली, "मी देते डोले. पन मासली खानाऱ्यालाच द्यायचे."

"मावशी, असं कसं ठरवणार?"

"उभा जल्म या डोल्यांनी ताजी मासली पारखली. मेल्यावर काय वरनभात बघू?"

मी स्वतः वरणभातवाला, पण हटलो नाही. म्हटलं, "तुमचे डोळे लावल्यावर वरणभातवालासुद्धा बाजारात बरोबर ताजं पापलेटच उचलेल!"

मावशी खूश झाली. तेवढ्यात तिची जाऊ ओरडली, "अगो, डोले दिलेस तर पुढल्या जल्मी आंधली येशील!"

हीच भीती प्रत्येकाच्या मनात होती.

मावशीने हात पदराला पुसले आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"येऊ दे की. मासली वासानं पन पारखता येते."

त्यानंतर पुढच्या गल्लीत मी भाषण केलंच नाही. मावशीला पुढे केलं.