शाळेसमोरचा वाघ

भद्रावतीच्या स्टँडवर चंद्रपूरच्या बसची वाट पाहत होतो. माझ्या बाकावर कय्यूम मिस्त्री बसले होते. पलीकडच्या बाकावरून सुगंधाबाईंनी त्यांना विचारलं.

"भाऊ, शाळेसमोरचा सिमिटाचा वाघ तुमीच बनवला ना?"

"हो बाई, मीच. पण लोक त्याले मांजर म्हणते. कबड्डीत आपल्या शाळेची पोरं उतरली का समोरचे म्याऊ म्याऊ करते."

"मंग?"

"आता हेडमास्तर म्हणते, हा तोडा अन् दुसरा बनवा. दात दाखवणारा, डरावना."

"तोडू नका, भाऊ. माही नात, दिव्यानी, महिनाभर शाळेच्या फाटकात रडे. एक दिवस त्या वाघाच्या पाठीवर बसली, त्याच्या कानात काईतरी बोलली अन् उतरून सरळ वर्गात गेली."

"वाघाले भेत नाई का ते?"

"लय भेते. आमच्या वावराकडे येते ना वाघ. पण याले ते मांजरच समजते."



"मंग हेडमास्तरले काय सांगू, बाई?"

"सांगा, वाघ अजून लहान हाय. वाढून राह्यला."