तीन नंबरच्या रेच्याची वही

निजामाच्या राज्यातली गोष्ट. गोदाबाई माजलगावात वाण्याकडं मिठासाठी थांबली होती. तिच्या पुढं कापसाच्या जिनाचे मुनशी अंबादासराव रेच्यांवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रांवर, कामगारांना झालेल्या जखमांच्या जुन्या वह्या वाण्याला पुड्या बांधायला देत होते, आणि जिनातली केराबाई कंबरेवर हात ठेवून त्यांना अडवत होती.

“मुनशीसाब, जखमांच्या वह्या वाण्याला कावून?”

“सात सालं झाली. त्याच्यावर ठेवायच्या न्हाईत, मालकाचा हुकूम हाय.”

“मग सात सालात माझं बोट उगवायला पायजे होतं. बगा बरं, आलंय का?”

“बोटाऐवजी जीभ जायला पायजे होती तुमची.”

“ती रेच्याला पेलली नसती. बरं, सोमवारपासून आमच्या सुनेला कोणत्या रेच्यावर लावताय?”

“तीन नंबर. लई गरीब रेचा हाय. कुणाला कधी ओरखडा न्हाई.”

“वाचा की वही.”

“आता, इथं?”

“मला वाचता आलं असतं तर तुमाला कशाला तरास दिला असता?”

मुनशींनी चष्मा लावला. “तीन नंबर, केराबाई, उजव्या हाताचं बोट. तीन नंबर, सखू. तीन नंबर...”

“थांबलात कावून? गरीब हाय ना?”

“सुनेला सरकी निवडायला बसवतो, बाई. पण या वह्या किती सालं सांभाळू?”

“सालं कशाला मोजता? रेचा फिरतोय तवर ठेवा.”

मुनशींनी वह्या बगलेत मारल्या. तेवढ्यात वाण्यानं गोदाबाईपुढं पुडी धरली. पुडीचा कागद आधीच फाडलेल्या जखमांच्या वहीतला होता, त्यावर शाईचा अंगठा उमटलेला होता. तिनं मीठ पदरात ओतलं आणि कागद मुनशींपुढं केला.