डावा खांदा, वीसपैकी सतरा

ताई : चोर आहेत ते. वरची सगळी मंडळी चोर आहेत. क्लबच्या काचेच्या खोलीत बसून माझा खांदा बाजारात मांडला, आणि वर मलाच विचारतात, तोंड का पाडलंस म्हणून!

भाऊ : ताई, हळू. दुकानात गिऱ्हाईक आहे.

ताई : असू दे. मोबाइल दुरुस्त होईपर्यंत त्यालाही करमणूक.

भाऊ : गेला तो. मोबाइल इथंच टाकून गेला बिचारा. बस त्या स्टुलावर आणि पहिल्यापासून सांग. काल मॅच हरलात, एवढंच मला ठाऊक आहे.

ताई : मी गोलात उभी, आणि तीन पेनल्टी बसल्या. तिन्ही माझ्या डावीकडे, वरच्या कोपऱ्यात. मोजून मापून मारल्यासारख्या.

भाऊ : होतं असं कधीकधी.

ताई : मीही तेच म्हटलं. मग मॅच संपल्यावर हात मिळवायला गेले. त्यांची ती लंबू स्ट्रायकर आहे ना, ओळख ना पाळख, ती माझा हात धरून विचारते, "काय हो, डावा खांदा आता बरा आहे ना?"

भाऊ : काय?

ताई : म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तर हसली. म्हणे, "गेममध्ये आहे की! आमच्या कोचनं दाखवलं." बारक्या, कुठला गेम हा?

भाऊ : मी खेळतो तोच फुटबॉलचा असणार. त्यात खरे क्लब असतात, खरे खेळाडू. तूही आहेस.

ताई : ते माहीत आहे मला. घरी पाहुणे आले की त्यांना टीव्हीसमोर बसवून सांगायचास, "ही माझी बहीण, हिला मी विकत घेतलंय."

भाऊ : पण विकली कधीच नाही.

ताई : लाडीगोडी नको. माझ्या खांद्याचं चौघांना माहीत होतं. मला, फिजिओबाईंना, मॅनेजरला आणि तुला.

भाऊ : म्हणजे?

ताई : म्हणजे काय ते तूच सांग.

भाऊ : तू माझ्यावर संशय घेतेस?

ताई : रोज खेळताना कानाला तो हेडफोनचा डबा लावून कुणाकुणाशी बडबडत असतोस. चेहरा माहीत नाही, गाव माहीत नाही. घसरली असेल जीभ. तुझ्या जिभेला कुठं हाड आहे?

भाऊ : तुझा हात वर जात नव्हता, तेव्हा महिनाभर तुझी वेणी कुणी घातली?

ताई : तू.

भाऊ : वाकडी घातली, पण घातली. आई विचारायची, हे काय नवीन खूळ, तर म्हटलं पैज हरलोय. आईला कळू दिलं नाही, आणि गेममधल्या कुठल्या टवाळाला सांगीन?

ताई : हो की नाही, तेवढं बोल.

भाऊ : नाही.

ताई : माझ्याकडे बघून बोल.

भाऊ : नाही, ताई.

ताई : बरं. लॅपटॉप उघड.

भाऊ : "चुकले" वगैरे म्हणायची पद्धत असते.

ताई : आधी बघू दे. मग म्हणेन.

भाऊ : हे घे. ही तू.

ताई : ही मी? पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते ही.

भाऊ : सगळ्यांचे फोटो तसेच असतात. हा वरचा मोठा आकडा म्हणजे ओव्हरऑल. सगळं मिळून माणूस शंभरपैकी किती, ते. तुझं चौऱ्याहत्तर होतं. मी काल घाईत अपडेट टाकला, बघितलं नव्हतं. आता सहासष्ट.

ताई : आठनं कमी? मी कुणाचं काय घोडं मारलंय?

भाऊ : नर्फ केलंय तुला.

ताई : माणसांच्या भाषेत बोल.

भाऊ : पंख छाटले. कुणाला वर चढवलं तर त्याला बफ म्हणतात, खाली ओढलं तर नर्फ. हे बघ, रिफ्लेक्स होते तेवढेच आहेत. हँडलिंग, म्हणजे बॉल हातात धरणं, तेही तेवढंच. डायव्हिंग, म्हणजे झेप, मात्र पार झोपवलंय. आणि पोटेन्शियल... जाऊ दे.

ताई : ते काय असतं?

भाऊ : पुढं अजून किती चांगली होशील, त्याचा अंदाज.

ताई : मग किती होईन मी?

भाऊ : नको बघूस.

ताई : बारक्या!

भाऊ : सहासष्ट. म्हणजे जेवढी झाली तेवढी झाली.

ताई : वा! इतकं तोंडावर तर आपल्या आत्यानंही मला कधी सांगितलं नाही. आणि खांदा कुठंय यात?

भाऊ : इथं नाही दिसायचा. ही दर्शनी बाजू, दुकानाच्या काचेसारखी. काही आकडे लपवलेले असतात, हिडन. खेळणाऱ्याला ते दिसत नाहीत. त्यासाठी मागचं झाकण उघडावं लागतं, एडिटर वापरून. त्यांचा कोच चांगलाच मुरलेला दिसतोय. थांब जरा... अरे देवा.

ताई : काय? तोंडातल्या तोंडात वाचू नकोस.

भाऊ : इंजुरी प्रोन, वीसपैकी सतरा. म्हणजे फुंकर मारली तरी पडेल अशी बाई. आणि खाली जुन्या दुखापती. "डावा खांदा. उंच झेपेला कमकुवत. पुन्हा निखळू शकतो."

ताई : पुन्हा निखळू शकतो.

भाऊ : असं लिहिलंय.

ताई : हे शब्द मी ऐकलेत. अस्सेच्या अस्से. फिजिओबाई म्हणाल्या होत्या, खोलीचं दार लावून घेऊन.

भाऊ : मग सापडला की चोर.

ताई : सकाळीच त्यांच्या घरी जाऊन आले. भांडायला गेले होते, तर माझ्याआधी त्याच रडायला लागल्या. म्हणाल्या, मी फक्त मॅनेजरला सांगितलं, तेही तोंडी. कागदावर काही उतरवू नका, असं त्यानंच बजावलं होतं.

भाऊ : का पण?

ताई : गोलसमोरची माती वाहून गेलीय आमच्या मैदानावर. दगड वर आलेत, दातासारखे. आम्ही ओरडून ओरडून थकलो, कुणी ढुंकून बघितलं नाही. त्यातल्याच एका दगडावर मी आपटले. सरावात दुखापत झाली असं लिहिलं, तर ऑपरेशनचा खर्च क्लबच्या गळ्यात येतो. म्हणून दुखापत झालीच नाही, असं ठरलं. मला सांगितलं, गप्प राहा, करार वाढवून देतो.

भाऊ : आणि आज करारासाठीच बोलावलंय ना तुला?

ताई : दुपारी. आणि तो दुसरा क्लब, माझ्यामागे हात धुऊन लागला होता बघ, त्यांनी काल निरोप पाठवला. नको म्हणे. "आम्ही डेटा बघितला." मला नाही बघितलं! मी इथं धडधडीत उभी आहे, आणि ते डेटा बघतात.

भाऊ : ताई, गेमवाले काही मैदानावर येऊन बसत नाहीत. एवढे संघ, एवढे खेळाडू, कोण बघणार? प्रत्येक क्लबचे आकडे भरायला एक माणूस असतो. तिथलाच.

ताई : हे तुला कसं माहीत? बघ, पुन्हा संशय येतोय मला.

भाऊ : हसणार नसशील तर सांगतो. मी त्यांना मेल केला होता. गोलकीपर मागून बचावाच्या पोरींवर ओरडते ना, त्याचासुद्धा आकडा असतो. तुला बारा दिले होते त्यांनी. मी लिहिलं, वीसपैकी वीस द्या, मी हे जन्मापासून ऐकत आलोय.

ताई : गाढवा!

भाऊ : उत्तर आलं. नातेवाइकांचं आम्ही ऐकत नाही. क्लबनं स्वतः नेमून दिलेली व्यक्ती जी माहिती पाठवते, तीच आम्ही घेतो.

ताई : क्लबनं नेमून दिलेली.

भाऊ : नाव विचारलं. म्हणे, ते गुप्त असतं.

ताई : शटर ओढ.

भाऊ : अगं, दोन मोबाइल उघडे पडलेत टेबलावर!

ताई : पडू देत. लॅपटॉप घे. आणि तिथं मी खूण करेपर्यंत तोंड उघडू नकोस.

भाऊ : "चुकले" राहिलं तुझं.

ताई : चुकले. चल आता.

(दुपार. क्लबचं ऑफिस, काचेची खोली. टेबलाच्या पलीकडे मॅनेजर.)

मॅनेजर : या, या. हे कोण?

ताई : माझा भाऊ.

मॅनेजर : कराराच्या बोलण्यात घरची माणसं सहसा... बरं, असू द्या. बसा. तुम्ही आम्हाला परक्या नाही, म्हणून आडपडदा न ठेवता बोलतो. पुढच्या मोसमात तुम्हाला राखीव म्हणून ठेवावं, असं ठरतंय. करार लहान असेल. माझं मन होत नव्हतं हो, पण वरून आलंय.

ताई : वर कुठून? तुमच्या वर तर पंखा आहे.

मॅनेजर : व्यवस्थापन. निर्णय एकट्याचा नसतो.

ताई : कारण?

मॅनेजर : वय म्हणा, फॉर्म म्हणा. काल तर सगळ्यांनी बघितलंच.

ताई : खांदा नाही?

मॅनेजर : खांद्याचं काय?

ताई : डावा. सरावात दगडावर आपटला तो.

मॅनेजर : आपलं त्यावर तेव्हाच बोलणं झालंय. तुमच्या खांद्याला काहीही झालेलं नाही. क्लबकडे अशा कुठल्याही दुखापतीची माहिती नाही.

ताई : नक्की?

मॅनेजर : शंभर टक्के.

ताई : भाऊ ऐकतोय हं माझा.

मॅनेजर : ऐकू द्या की. मी सगळ्यांसमोर सांगेन.

ताई : बोल रे आता.

भाऊ : नाही, मी एक साधी शंका विचारतो, साहेब. तो गेम आहे ना फुटबॉलचा, त्यात ताईचे आकडे एकदम पडलेत. ते कसं काय?

मॅनेजर : अहो, पोरखेळ तो! मी आयुष्यात ते बटणांचं खेळणं हातात धरलेलं नाही. पण विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. हल्ली मोठमोठे क्लब ते बघतात. कारण ती माणसं बाहेरची, निष्पक्ष. त्यांना ना तुमच्याशी देणं, ना आमच्याशी घेणं. त्यांनीच आठ गुण उतरवले, इंजुरीला वीसपैकी सतरा दिले, मग आम्ही तेवढे वाईट कसे?

भाऊ : सतरा.

मॅनेजर : हो, सतरा.

भाऊ : हे ताईचं पान. सतरा कुठंय, दाखवता का जरा?

मॅनेजर : मला काय कळतंय त्यातलं? असेल इथंच कुठंतरी. हँडलिंग... रिफ्लेक्स... खाली असेल. चष्मा नाही माझा.

ताई : डोक्यावर आहे.

मॅनेजर : हां. नाही दिसत. तुमचा गेम जुना असेल.

भाऊ : कालच अपडेट केलाय. सतरा यात कुणालाच दिसत नाही, साहेब. लपवलेला आकडा आहे तो. मागचं झाकण उघडणाऱ्याला दिसतो, नाहीतर ज्यानं भरला त्याला माहीत असतो. ज्यानं भरला, त्याला कदाचित हे माहीतच नसेल की इतरांना तो दिसत नाही. बटणांचं खेळणं कधी हातात धरलं नसेल त्यानं.

मॅनेजर : मला कुणीतरी बोलता बोलता सांगितलं असेल.

ताई : कुणी?

मॅनेजर : आता कसं आठवणार? इथं दिवसभर माणसं येतात, जातात. आणि हा आवाज कसला लावलाय तुम्ही? आरोप करताय? जपून हं. राखीवची जागाही हातची जाईल.

ताई : जाऊ दे. बाकावर बसून मी कुणाचे गोल अडवणार आहे? ऑपरेशनचा खर्च आला, तेव्हा माझा खांदा ठणठणीत. मला घालवायची वेळ आली, तर तोच खांदा मोडका. आणि दुसऱ्या कुणी उचलू नये, म्हणून दवंडी जगभर. तुमच्याच पायात आली ती, साहेब. काल त्या तीन पेनल्टी तुम्ही खाल्ल्यात, मी नाही.

मॅनेजर : हे बघा, चिडून काही होत नसतं. शांतपणे मार्ग काढू. करार थोडा वाढवता येईल. आकड्याचं म्हणाल, तर मी त्यांना सांगून पुढच्या वेळी...

भाऊ : त्यांना सांगून? ऐकतात का ते तुमचं? माझं नव्हते ऐकत.

मॅनेजर : म्हणजे, प्रयत्न करता येईल, असं म्हटलं मी.

ताई : थांब, बारक्या. आकडा वाढवायचा नाही. सतरा राहू दे, खोटा नाहीये तो. झोपेत कूस बदलली तरी कळ येते मला. साहेब, दाराकडे काय बघताय? दार उघडंच आहे.

मॅनेजर : मग तुम्हाला हवंय तरी काय?

ताई : एक उत्तर. फिजिओबाईंनी कागदावर घेतलं नाही. मी तोंड उघडलं नाही. यानं माझी वेणी घातली, पण आईला पत्ता लागू दिला नाही. आणि तुम्ही म्हणता, झालंच नाही, शंभर टक्के.

मॅनेजर : हे बघा...

ताई : बघतेच आहे. जी दुखापत मला झालीच नाही, ती त्या गेमवाल्यांना कुणी सांगितली?