संदेश पाठवला

पाहुणी : पावती फाडू नका. मी कपडे द्यायला आलेली नाही.

सून : मग काय वाफ खायला आलात? लॉन्ड्रीचं दुकान आहे, बाई. पिशवीत काहीतरी दिसतंय की.

पाहुणी : कागद आहेत. सिस्टर, तुम्ही मला ओळखलं नाहीत?

सून : दारात पाऊल टाकलंत तेव्हाच ओळखलं. चौकशीला माझ्या समोरच बसला होतात. ओळख दाखवायची नव्हती, म्हणून पावतीपुस्तक उघडलं. आणि सिस्टर म्हणू नका. तो शब्द तुम्हीच काढून घेतलात.

सासू : काय गं झोपाळूबाई, कोण आलंय?

सून : कोणी नाही, आई. गिऱ्हाईक.

सासू : गिऱ्हाईकाशी असं कुजबुजत बोलतात? परवा कोट जाळलास, तो यांचाच का?

सून : नाही हो. यांचे यजमान आमच्या वॉर्डात होते. ते... गेले ते.

सासू : अगोबाई! मग आता आणखी काय न्यायला आलात? हिचा नर्सचा परवाना नेलात, अब्रू नेलीत. इस्त्री तेवढी राहिलीय, तीही न्या. गरम आहे, जपून.

पाहुणी : बोला, आजी. बोलून घ्या. पण मग माझं ऐका. मी पेटंट करून देणाऱ्या एका फर्ममध्ये काम करते.

सासू : ते काय असतं?

पाहुणी : कुणी नवीन काही शोधलं, की ते सरकारदरबारी आपल्या नावावर करून घेतात. मग दुसऱ्याला ते बनवता येत नाही. असं कुणी आमच्याकडे आलं, की तोच शोध आधी कुणी नोंदवलाय का, ते मी जुन्या अर्जांमधून हुडकते. ते अर्ज कुणालाही बघता येतात.

सून : माझ्या परवान्यासारखे. इंटरनेटवर नाव टाकलं की उघडतं. ‘निलंबित. कामावर असताना झोप लागल्याने रुग्णाकडे दुर्लक्ष.’ पोरीच्या शाळेतल्या बाईंनीसुद्धा वाचलं. घरमालकानं तर मला वाचून दाखवलं.

पाहुणी : मीही वाचायचे. रोज. सकाळी चहा ठेवायचा आणि तुमचं नाव उघडायचं. अजून तसंच आहे ना, कुणी पुसलं नाही ना. तेवढं बघितलं, की दिवस ढकलता यायचा.

सासू : शाब्बास! आमची चूल विझवून तुमचा चहा उकळत होता म्हणायचा.

सून : आई, बोलू द्या त्यांना.

पाहुणी : गेल्या आठवड्यात एक बिनतारी यंत्रांचं काम आलं. शोधता शोधता एक अर्ज उघडला. खाटेजवळच्या यंत्राचा. नाडी मंदावली, की नर्सच्या टेबलावरची बेल वाजवायची, वायरीशिवाय.

सून : आमच्याकडचं?

पाहुणी : त्याच कंपनीचं. अर्ज सुधारलेल्या यंत्राचा आहे. पण सुधारणा काय केली हे सांगायचं, तर आधीच्यात खोट काय होती तेही लिहावं लागतं. त्यांनी लिहिलंय. वाचू?

सून : वाचा.

पाहुणी : ‘सध्याच्या पद्धतीत, एका वॉर्डातली अनेक यंत्रे एकाच क्षणी बोलू लागल्यास एखादा संदेश वाटेत हरवतो. यंत्राच्या नोंदीत मात्र संदेश पाठवला असेच दिसते. बेल वाजत नाही.’

(इस्त्रीखालचं कापड करपू लागतं. सून जागची हलत नाही.)

सासू : अगं इस्त्री! इस्त्री उचल आधी!

सून : शेवटचं पुन्हा वाचा.

पाहुणी : ‘बेल वाजत नाही.’

सून : चौकशीत हीच नोंद माझ्या तोंडावर फेकली होती. यंत्र म्हणतंय संदेश पाठवला, आणि तुम्ही म्हणता बेल वाजली नाही. यंत्र कशाला खोटं बोलेल?

पाहुणी : यंत्राला काही झोप येत नाही, असं मी म्हणाले होते.

सून : हो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सासू : पण हे लिहिलंय कधी? तुमचे यजमान गेल्यावर अक्कल आली असेल मेल्यांना.

पाहुणी : नाही, आजी. आमचे हे आजारी पडायच्याही आधी अर्ज दाखल झालाय. दाखल झाला की तो बरेच महिने झाकून ठेवतात, मग सगळ्यांना खुला करतात. चौकशी चालली होती तेव्हा हा कागद झाकलेलाच होता. आणि कंपनीचा माणूस समोर बसून सांगत होता, आमच्या यंत्रात दोष नाही.

सून : गोड आवाजाचा. मी रडायला लागले तर त्यानंच पाणी आणून दिलं.

सासू : मुडदा बसवला त्याच्या पाण्याचा!

पाहुणी : तक्रार माझी होती. मी परवाने देणाऱ्या मंडळाला लेखी देते, की मी चुकले. हा अर्ज जोडते. तुमचा परवाना परत मिळेल.

सून : तो पुढच्या वर्षी तसाही मिळणार आहे. गप्प बसले तर.

पाहुणी : म्हणजे?

सून : मी कबुली दिलीय. झोप लागली होती म्हणून. खाली सही आहे माझी. वकील म्हणाला, अडून बसाल तर कायमचा जाईल, कबूल करा, काही वर्षांत परत देतील. पोर लहान, आमच्या यांच्या एकट्याच्या जिवावर घर. केली सही. आता बेल वाजली नव्हती म्हटलं, तर विचारतील, बाई, खोटं तेव्हा बोललात की आता? आणि खोटी कबुली देणारी नर्स कुणाला हवी असते?

सासू : थांब, थांब. म्हणजे झोप लागलीच नव्हती तुला?

सून : आता काय सांगू, आई. इतक्यांनी सांगितलं, की मला आठवायलाच लागलंय. टेबलावर डोकं टेकलंय, बेल वाजतेय आणि मी उठत नाहीये. डोळे मिटले की हेच दिसतं.

पाहुणी : नीट आठवा. त्या दुपारी काय करत होतात?

सून : कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. केसांचा नुसता गुंता. विंचरून दे गं, विंचरून दे गं, असं सकाळपासून मागे लागली होती. शेवटी बसले तिच्या खाटेवर. तुमच्या यजमानांकडे पाठ होती माझी. काही झालं तर बेल वाजेलच, या भरवशावर वळून बघितलं नाही. एवढंच केलं मी. वेणी घातली, रबर लावलं, आणि वळले तर...

पाहुणी : हे चौकशीत का नाही सांगितलंत?

सून : झोपलेली बाई वेणी कशी घालेल?

पाहुणी : ती आजी सांगेल ना!

सून : त्याच आठवड्यात गेली ती. वेणी माझीच होती शेवटपर्यंत.

पाहुणी : मी तुम्हाला शिव्याशाप दिले, सिस्टर. तुमच्या पोरीलासुद्धा. तेवढाच आधार होता मला. आता तोही नाही. रागवायचं तरी कुणावर? त्या कागदावर?

सून : बसा. तो स्टूल घ्या. रडा खुशाल, इथं वाफेत कुणाला कळत नाही. एक सांगा. ती सुधारलेली यंत्रं आली का कुठे?

पाहुणी : माझ्या तरी पाहण्यात नाहीत. तुमच्या हॉस्पिटलात कालच जाऊन बघून आले. जुनीच आहेत. तुमच्या टेबलाशी एक पोरगी बसली होती, अगदी नवी दिसली.

सून : बेलवर कान ठेवून.

पाहुणी : हो.

सून : मंडळाला द्यायचा तुमचा अर्ज लिहिलाय का?

पाहुणी : पिशवीत आहे. पण तुमच्याशिवाय तो नुसता माझा पश्चात्ताप. त्या दुपारी तुम्ही जाग्या होतात, हे तुम्हीच सांगायला हवं.

सासू : आणि परवाना कायमचा गेला म्हणजे? एक वर्ष, फक्त एक वर्ष राहिलंय! हातातोंडाशी आलेला घास आहे गं.

सून : माहितीय, आई. रात्रंदिवस तेच मोजतेय. पण त्या पोरीची पाठ असताना कुणी दगावलं, तर तिलाही हेच विचारतील. आणि तीही सही करेल. द्या ते पेन. कुठे लिहू?

पाहुणी : इथे. तुमच्या शब्दांत.

सून : ‘मी जागी होते.’ एवढं लिहायला किती वर्षं लागली बघा. पुढचं तुम्ही सांगा, मी लिहिते. आणि यंत्राच्या त्या अर्जाची एक प्रत त्या पोरीच्या हातात द्या. मला आत सोडत नाहीत. म्हणावं, बेलची वाट बघू नकोस. उठून बघत जा.

पाहुणी : इथून सरळ तिकडेच जाते.

सासू : अहो बाई, चहा तरी... नको, राहू दे. जा लवकर. पायरी जपून उतरा.

सून : गेल्या. आई, तुम्ही रागावलात?

सासू : मी कोण रागावणार? ऊठसूट तुला झोपाळू म्हणत आले. रात्री पाणी प्यायला उठले की तू खिडकीशी उभी. रोज. दिसत नव्हतं होय मला? दिसत होतं. तोंड आवरत नव्हतं.

सून : जाऊ द्या हो. त्या करपलेल्या शर्टाचं काय करायचं?

सासू : त्याचं मी बघते. दुकानही बघते. तू आत जाऊन जरा पड. कुणी आलं तरी उठवणार नाही.